तिकीट कोणी काढलं?

गेल्या महिन्यात दादाच्या धाकट्याची मुंज झाली. पंगतीत माझ्या शेजारी भाची येऊन बसली आणि पहिला वरणभात संपायच्या आत तिने जाहीर करून टाकलं, "आत्या, मला पण तुझ्यासारखं फ्रीलान्स ट्रॅव्हल जर्नालिस्ट व्हायचंय." समोरच्या पानावरून लगेच मावशीचा आवाज आला, "मग काय, मजाच आहे! फुकट फिरायचं आणि वर त्याचे पैसे घ्यायचे." पलीकडून काका म्हणाले, "ही बघ ना, सदा आपली गावोगाव!" सगळे हसले. मीही हसले. तोंडात जिलबी होती, आणि मुंजीच्या पंगतीत भांडू नये एवढी अक्कल आता आली आहे.

पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. "फुकट फिरायचं आणि वर पैसे घ्यायचे." कारण खरी गोष्ट अशी आहे मंडळी, की या धंद्याची सगळी कीड त्याच एका वाक्यात आहे. नातेवाईकांना ते सुख वाटतं, संपादकांना ते मानधन न देण्याचं कारण वाटतं आणि हॉटेलवाल्यांना ती संधी वाटते. भाचीला त्या दिवशी काहीच नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. (वहिनी, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. मी पोरीला बिघडवत नाहीये. पूर्ण वाच आणि मग फोन कर.)

माझं म्हणणं थोडक्यात असं: प्रवासावरचा कुठलाही लेख हातात आला की आधी विचारावं, तिकीट कोणी काढलं? लेखकाने, छापणाऱ्याने, की ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याने? तिसरं उत्तर असेल आणि ते लेखात कुठेही सांगितलेलं नसेल, तर तो लेख नाही, ती जाहिरात आहे. आणि आपल्याकडे त्या तिसऱ्या उत्तराशिवाय या कामावर पोट भरणं जवळजवळ अशक्य करून ठेवलंय, त्यात आपण सगळे सामील आहोत. लिहिणारेही, छापणारेही आणि "मजा आहे बुवा तुझी" म्हणणारेही.

आधी हिशोब सांगते, कारण पैशाबद्दल बोलणं आपल्याला अजून जड जातं.

2018 साली मी भंडारदऱ्याच्या काजव्यांवर एक लेख लिहिला. मेच्या शेवटाला, पावसाच्या तोंडावर, अकोले तालुक्यातल्या त्या पट्ट्यात हिरडा-बेहड्याची झाडंच्या झाडं लुकलुकतात. पहिल्या खेपेला गेले तेव्हा आकाशात मोठा चंद्र होता, उजेडात काजवे नीट दिसेनात. पुन्हा जावं लागलं. दोन खेपांत मिळून पाच रात्री. एसटी आणि वडापचे 1,900 रुपये, गावातल्या एका घरी मुक्कामाचे रात्री 700 प्रमाणे 3,500, जेवणखाण 1,600. एकूण 7,000 रुपये. लिहायला लागलेले चार दिवस यात धरलेलेच नाहीत. मानधन किती? 1,500 रुपये. तेही आठ महिन्यांनी, तीन फोन केल्यावर, आणि तिसऱ्या फोनला "अहो ताई, तुम्ही तर अगदी पैशांवरच आलात" हे ऐकून घेतल्यावर.

म्हणजे तो लेख लिहिण्यासाठी मी पदरचे साडेपाच हजार घातले. मावशी, ही ती मजा.

पण यातली खरी गंमत पुढे आहे. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका ठिकाणी काजव्यांवरच एक लेख आला. फोटो सुरेख. भाषा अशी की वाचून लगेच गाडी काढावी. खाली एका हॉटेलच्या दोन रात्रींच्या पॅकेजचा फोन नंबर. माझ्या लेखात होतं की शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते, हेडलाइट आणि टॉर्चच्या उजेडात काजवे विझून जातात. त्या उजेडावरच तर नर-मादीचं एकमेकांना शोधणं चालतं, आणि आपण नेमके तेच बघायला जाऊन तेच मोडतो. त्या दुसऱ्या लेखात यातलं काहीच नव्हतं. कसं असणार? पॅकेज विकायचं असेल तर गाड्या नकोत असं कोण लिहील?

आता तुम्ही विचाराल, साडेपाच हजाराचा खड्डा दर लेखाला पडत असेल तर लोक हे काम करतात कसं? तिथेच ते निमंत्रण येतं.

याला धंद्यात 'फॅम ट्रिप' म्हणतात. पर्यटनवाले, हॉटेलवाले किंवा त्यांचे पीआर करणारे पाचसहा लिहिणाऱ्यांना बोलावतात. गाडी त्यांची, खोली त्यांची, जेवण त्यांचं, माहिती देणारा माणूसही त्यांचा. बदल्यात कोणी काही मागत नाही. हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगते, मला कधीही कोणी "चांगलंच लिहा" असं म्हटलेलं नाही. तसं म्हणावंच लागत नाही.

2011 च्या मे महिन्यात मी अशा एका सहलीला गेले होते. कोकणातल्या एका तालुक्यात समुद्राकाठी नवं रिसॉर्ट निघालं होतं. नाव-गाव लिहीत नाही, कारण माझा मुद्दा त्यांच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे. पुण्याहून एसी गाडी. पोहोचल्यावर शहाळं. संध्याकाळी पोहण्याचा तलाव, रात्री सोलकढी, मोदक. दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने जाग आली म्हणून मी एकटीच फाटकाबाहेर पडले. वाडीच्या वळणावर दहाबारा बायका हंडे-कळशा मांडून बसल्या होत्या. टँकरची वाट बघत. मी बोलायला थांबले तर एकजण म्हणाली, आता टँकर आधी वर जातो, मग उरलं तर आमच्याकडे. 'वर' म्हणजे कुठे ते सांगायला तिने मान नुसती फाटकाच्या दिशेने हलवली.

मी ते वहीत लिहून घेतलं. तारीख-वेळेसकट. ती वही अजून माझ्याकडे आहे.

पुण्याला येऊन मी 900 शब्द लिहिले. त्यात निळाशार तलाव होता, सूर्यास्त होता, मोदकांना अर्धा परिच्छेद होता. टँकर नव्हता. ती बाई म्हणाली ते खरं होतं की नव्हतं? मला माहीत नाही. ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला हवं होतं, टँकरवाल्याला गाठायला हवं होतं, रिसॉर्टच्या मालकाला सरळ प्रश्न करायला हवा होता. कदाचित त्याच्याकडे चांगलं उत्तर असेलही. पण तपासणं हेच तर पत्रकाराचं काम, आणि मी ते केलं नाही, कारण ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या अंगणात उभं राहून असला प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. आपल्याकडे तर पाहुणचाराचे संस्कार! खाल्ल्या मिठाला जागावं हे लहानपणापासून शिकवलेलं. पाहुणी म्हणून ते बरोबरच आहे. म्हणून तर पत्रकाराने पाहुणं होऊ नये.

यावर नेहमीचं उत्तर असतं, "अहो, सिनेमाचा समीक्षक पास घेऊन सिनेमा बघतो, पुस्तकाच्या परीक्षणाला पुस्तक फुकट मिळतं. मग तुम्हालाच काय झालं?" मी स्वतः बरीच वर्षं याच उत्तरावर समाधान मानून होते. पण नीट विचार केला की ते टिकत नाही. समीक्षक जो सिनेमा बघतो तोच सिनेमा तिकीट काढलेला माणूस बघतो. पडद्यावरचा हिरो समीक्षकाला बघून जास्त बरा अभिनय करत नाही. हॉटेल मात्र करतं! मला मिळालेली खोली, मला मिळालेला चहा, दारापर्यंत सोडायला आलेला मॅनेजर यातलं काहीही वाचकाच्या वाट्याला येणार नसतं. मी ज्या जागेबद्दल लिहिते ती जागा माझ्यापुरती दोन दिवस उभी केलेली असते. वाचक पैसे भरून जातो तो दुसऱ्याच ठिकाणी.

आणि हे फक्त मराठीतलं, गरीब पुरवण्यांमधलं दुखणं आहे असंही नाही. 2008 साली थॉमस कोनस्टॅम नावाच्या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकावरून मोठा गदारोळ झाला होता, काहींना आठवत असेल. प्रवासी पुस्तिकांमध्ये ज्यांचा जगभर दबदबा त्या 'लोनली प्लॅनेट'साठी तो लिहायचा. 'डू ट्रॅव्हल रायटर्स गो टू हेल?' हे त्याच्या पुस्तकाचं नाव. त्याने कबूल केलं की कोलंबियाच्या पुस्तिकेसाठी तो कोलंबियाला गेलाच नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोत बसून त्याने आपला भाग लिहिला, कारण तिथे जाण्याएवढे पैसे त्याला मिळालेले नव्हते. कंपनीचं म्हणणं असं की त्याच्याकडे इतिहासासारखा भाग होता, त्यासाठी तिथे जाणं अपेक्षितच नव्हतं, आणि मजकुरात काही चुका सापडलेल्या नाहीत. दोघांचंही म्हणणं क्षणभर खरं धरू. तरी प्रश्न उरतोच ना? पाठीवर पिशवी घेऊन ते पुस्तक विकत घेणाऱ्या पोराला काय वाटत होतं? की लिहिणारा माझ्या आधी तिथे जाऊन आलाय. त्या विश्वासाचे तर तो पैसे मोजत होता. 'जाण्याएवढे पैसे नव्हते' हे वाक्य तेव्हा लोकांना लबाडीचं वाटलं. मला ते ओळखीचं वाटलं.

पैसे नसले की दोनच वाटा उरतात. घरी बसून लिहा, किंवा कोणाच्या तरी गाडीत बसून जा. दोन्हींत फसतो वाचकच.

"फसतो म्हणजे काय एवढं? एक रविवार वाया गेला तर गेला," असं काका म्हणतील. म्हणून एक रविवार आठवून देते. 15 जून 2025. मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. चार माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. तो पूल धोकादायक आहे हे काही गुपित नव्हतं, तसा फलकही होता. नव्या पुलासाठी निधी मंजूर झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी नंतर वाचल्या. नंतर! मला विचाराल तर 'पावसाळ्यात एका दिवसात जाऊन यावं' अशा यादीत ज्याने-ज्याने ते ठिकाण घातलं, त्याने पुलाबद्दल एक ओळ लिहायला हवी होती. कसा आहे, केव्हाचा आहे, गावकरी त्याबद्दल काय म्हणतात, रविवारी त्यावर किती लोक असतात. पूल पडू नये हे पाहणं लेखकाच्या हातात नाही, ती जबाबदारी ज्यांची त्यांची. पण त्यावर पाय ठेवू नका हे सांगणं आहे. त्यासाठी तिथे जावं लागतं, अर्धा दिवस थांबावं लागतं, गावात चार माणसांशी बोलावं लागतं. दोनशे रुपयांच्या यादीत हे बसत नाही. 'हिरवागार निसर्ग आणि फेसाळतं पाणी' तेवढं बसतं.

प्रवासाची पत्रकारिता आणि प्रवासाची जाहिरात यांत फरक हाच. जाहिरात सांगते या. पत्रकार सांगतो कसे या, केव्हा येऊ नका, आणि तुम्ही आल्यामुळे इथल्या माणसांचं काय होतं.

आता कोणी म्हणेल, मराठीत एवढं उत्तम प्रवासवर्णन लिहिलं गेलंय, त्या लोकांनी कधी अशी रड लावली नाही. खरंय. पण जरा बघा हं. मीना प्रभूंनी 'माझं लंडन'पासून मेक्सिको, चीनपर्यंत कितीतरी देश मराठी घरांत आणून पोहोचवले. त्या पेशाने डॉक्टर होत्या. आपल्या बहुतेक नामवंत प्रवासलेखकांची भाकरी दुसरीकडे भाजली जात होती, प्रवास आणि लेखन त्या भाकरीवर चालत होतं. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट त्यामुळेच त्यांना कोणाची भीड नव्हती. पण त्यातून आपण धडा मात्र चुकीचा घेतला. 'प्रवासाबद्दल लिहिणं ही हौस आहे आणि हौसेला मोल नसतं' असा.

गंमत म्हणजे या परंपरेच्या अगदी मुळाशी जो माणूस उभा आहे तो हौशी नव्हताच. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली घराबाहेर पडले ते देश बघायला नाही, कर्ज फेडायला. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात मोठी दक्षिणा मिळेल असं कानावर आलं म्हणून. पुढे बंडात सापडले, झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला, मिळवलेलं लुटलं गेलं, आणि घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. ते सगळं पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी लिहून काढलं आणि 'माझा प्रवास' छापून आलं ते 1907 साली. ते पुस्तक आजही धरून ठेवतं, आणि मला वाटतं त्याचं एक कारण हे की गोडसे भटजी पैशाची गोष्ट लपवत नाहीत. का निघालो, काय मिळालं, काय गेलं, सगळं उघड. तिकीट कोणी काढलं हे आपल्या त्या आद्य प्रवाशाने सांगून टाकलंय. सव्वाशे वर्षांनी पुरवणीत लिहिणाऱ्या आम्हाला ते सांगायची लाज वाटते!

हौशी लोकांवर माझा राग आहे असं समजू नका. उलट या ब्लॉगच्या शेजारीपाजारी जे ट्रेकचे वृत्तांत वर्षानुवर्षं लिहिले गेले, गडाच्या पायथ्याला पहिली एसटी किती वाजता, कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे, कुठली वाट मोडलीय, त्या फुकट लिहिलेल्या मजकुराने निदान माझा तरी छापील लेखांपेक्षा जास्त फायदा झालाय. कारण त्यांना कोणी काही दिलेलंच नव्हतं. स्वतःच्या पैशाने जाऊन फुकट लिहिणं स्वच्छ आहे. दुसऱ्याच्या पैशाने जाऊन स्वतःच्या पैशाने गेल्यासारखं लिहिणं स्वच्छ नाही. माझं भांडण तेवढंच आहे.

बाहेर या भांडणावर काही उपाय करून पाहिले गेलेत. 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या नियमांत प्रवासाच्या पानांवर लिहिणाऱ्याने फुकट किंवा सवलतीचा प्रवास-मुक्काम घ्यायचा नाही असं आहे, आणि ते बाहेरून लिहिणाऱ्यांनाही लागू आहे. 1987 साली हॅरल्ड इव्हान्स यांनी अमेरिकेत 'काँडे नास्ट ट्रॅव्हलर' काढलं ते प्रवासाबद्दल खरं तेच लिहू, हेच ब्रीद घेऊन. हे कौतुकाचं आहे. पण नियम करून खर्च मात्र दिला नाही तर काय होतं तेही ओळखा. मग घरचं बरं असलेलेच तेवढे लिहू शकतात. तत्त्व राखलं जातं आणि धंद्यात फक्त श्रीमंतांची मुलं उरतात. म्हणून 'फुकट घेऊ नका' एवढं सांगून भागत नाही, 'खर्च द्या' हेही त्याच दमात म्हणावं लागतं.

आपल्याकडची गत तर आणखी मजेशीर. 2021 साली जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेने इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी नियम केले की कोणाकडून पैसे, वस्तू, सहल काहीही घेतलं असेल तर तसं ठळक लिहा. 2023 च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक खात्यानेही तसंच बजावलं. म्हणजे तीस सेकंदांचं रील टाकणाऱ्या पोरीने 'जाहिरात' असं लिहायचं, आणि फॅम ट्रिपवर जाऊन अर्धं पान लिहिणाऱ्या आम्हा अनुभवी लोकांच्या लेखाखाली मला तशी ओळ क्वचितच दिसते. 2009 च्या निवडणुकीनंतर 'पेड न्यूज'वर आपण केवढे तावातावाने बोललो होतो. बातमी विकणं पाप, मग गाव विकणं काय?

आता संपादक मंडळींना एक. तुम्ही म्हणता, बजेट नाही. मान्य. दर रविवारी छापता ते चार लेख न छापता महिन्यात एकच छापा, पण त्याच्या एसटीचे, मुक्कामाचे पैसे द्या. तेही जमत नसेल तर निदान लेखाखाली एक ओळ छापा: 'या प्रवासाचा खर्च अमुक यांनी केला.' त्या ओळीला शाई किती लागते? 'नाव होईल तुमचं' हे मात्र आता कृपा करून म्हणू नका. नाव घेऊन किराणा मिळत नाही, मी विचारून पाहिलंय.

आणि ब्लॉगवाल्यांनो, आपलंही थोडं चुकतंय. हल्ली मशीनला सांगितलं की 'पावसाळ्यात भेट द्यावी अशी दहा ठिकाणं' मिनिटभरात लिहून मिळतात. त्या यादीची किंमत आता शून्य आहे, आणि ते बरंच झालं. मशीनला जे जमत नाही ते एकच, तिथे जाणं. पहाटे सहाला फाटकाबाहेर पडणं. तेवढं सोडून आपण अजून 'निसर्गाच्या कुशीत' आणि 'डोळ्यांचं पारणं फेडणारं' लिहीत बसलो तर कोणी पैसे का द्यावेत?

शेवटी भाचीसाठी. बाळा, हे वाचून घाबरली असशील तर बरंच आहे, थोडं घाबरावं. पण हे काम करूच नकोस असं मी म्हणत नाही. मला हे काम फार आवडतं, म्हणून तर इतकी चिडले आहे. करणार असशील तर अशी कर.

सगळं जग बघायच्या मागे लागू नकोस, एक जिल्हा धर. त्याच्या एसटीचं वेळापत्रक, पाण्याची ठिकाणं, जत्रा, आठवडी बाजार, आमदार, सगळं पाठ कर. पर्यटक येत नाहीत त्या महिन्यात मुद्दाम जा. एका खेपेतून एक लेख काढशील तर बुडशील, चार काढ. एक प्रवासाच्या पानाला, एक शेतीच्या, एक पर्यावरणाच्या, एक इंग्रजीत. काजव्यांच्या वेळी मला हे सुचलं असतं तर तो साडेपाच हजारांचा खड्डा निम्मा तरी भरला असता. निघण्याआधी मानधन आणि खर्च लेखी विचार, ईमेलवर, लाजू नकोस. लेख दिला त्याच दिवशी बिल पाठव. फोटो वेगळे, त्यांचे पैसे वेगळे. आणि पहिली काही वर्षं हाताशी दुसरं काम ठेव. मी भाषांतरं केली, औषधांच्या माहितीपत्रकांपासून प्रेशर कुकरच्या पुस्तिकेपर्यंत, आणि त्या कुकरच्या पुस्तिकेने मला तीन फॅम ट्रिपा नाकारायची ताकद दिली. दुसरं काम म्हणजे हार नव्हे, ती तुझ्या जिभेची किंमत आहे.

कधी ना कधी निमंत्रण येईलच. महिनाअखेर असेल, खात्यात काही नसेल, तू जाशीलही. मी तुला दोष देणार नाही, मला तो अधिकार नाही. फक्त एवढं कर. पहिल्याच परिच्छेदात लिहून टाक की मला यांनी नेलं होतं. ते लिहिलं की बघ, पुढचा टँकर लिहायला हात कचरत नाही. आणि ती ओळ छापायला जो नकार देईल त्याला लेख देऊ नकोस.

मी 2011 मध्ये ती ओळ लिहिली नव्हती. पुढे दोनतीनदा त्या तालुक्यातून एसटीने गेले, पण त्या वळणावर उतरायचं धाडस झालं नाही. यंदाच्या मेमध्ये उतरणार आहे. तिकीट मी काढीन.

असो. खूप लांबलं. आता नियम मी सांगितलाय तर तो मलाही लागू, तेव्हा खुलासा करून टाकते: मुंजीचं जेवण दादा-वहिनीच्या खर्चाने झालं. जिलबी उत्तम होती. मठ्ठा पातळ होता.